पिळलेलं फडकं

शेवटी मी फडकं पिळलं.

कवठाचा गर शिजवून कालच फडक्यात बांधून ओट्याच्या नळाला टांगून ठेवला होता. सकाळी सातला पाहिलं, तर खालच्या पातेल्यात रस जेमतेम दोन वाट्या. जेलीचा रस आपसूक गळू द्यायचा असतो, पिळला की जेली गढूळ होते. हे मला माझ्या मोठ्या नणंदेनं, यशोदाअक्कांनी, लग्नानंतरच्या पहिल्या शिवरात्रीला शिकवलं. शिकवलं म्हणजे काय, हातावर चापट मारली. पण धुळ्याची गाडी दहाची होती, गुडघे ठणकत होते आणि अक्कांच्या सुनेचा, हेमांगीचा, फोन येऊन गेला होता. "मामी, आईंनी चार दिवस झाले जेवण सोडलंय. यायचं तर आजच या." मग कसलं गळणं आणि कसलं काय.

साखर घातली, फेस काढत ढवळत उभी राहिले. कंटाळा आला होता, खरं सांगते. एकतीस वर्षं मी कवठं फोडतेय, आणि एकतीस वर्षं अक्का बाटली उजेडात धरून खोट काढताहेत. एकदा पातळ झाली, एकदा साखर जास्त पडली, एकदा म्हणे सुरीनं कापून खायची का. ह्यांना सांगितलं की हे नुसते हसायचे. हे गेले, तरी मी बाटली नेतच राहिले. 'बरी झालीय', एवढं एकदा ऐकायचं होतं. सोनं नव्हतं मागितलं.

पाण्याच्या ताटलीत थेंब टाकला. विरला नाही. उकळून वाळवलेल्या बाटलीत गरमगरम जेली काठोकाठ भरली आणि झाकण आवळलं. खिडकीशी धरून पाहिली, तर पलीकडचं काही दिसेना.

पिंप्राळ्याहून रिक्षानं जळगावच्या स्टँडवर गेले. जेली जमताना हलवायची नसते, म्हणून धुळ्यापर्यंत बाटली टॉवेलात गुंडाळून मांडीवर धरली. एसटीला ते कोण सांगणार.

धुळ्याला देवपूरच्या घरात अक्का भिंतीकडच्या खाटेवर होत्या. केवढ्याशा झाल्या होत्या. गेलं वर्षभर त्या माणसं ओळखत नव्हत्या. मला ओळखतील, असं मला उगाच वाटत आलं होतं.

"आई, मामी आल्यात," हेमांगी म्हणाली.

अक्कांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "कोन शे माय तू?"

"कवठाची जेली आणलीय, अक्का."

मी अर्धा चमचा भरवला. त्यांनी तो बराच वेळ तोंडात घोळवला आणि गिळला. हेमांगीनं पदर डोळ्यांना लावला. मग अक्कांनी हात पुढे केला, माझ्याकडून बाटली घेतली आणि उजेडात धरली.

"फडकं पिळं ना तू?"

"पिळलं, अक्का."

हसूही आलं आणि रागही. बाई माणसांना विसरली, खोट काढायला नाही विसरली.

"पिळानं नही," त्या समजुतीच्या सुरात म्हणाल्या. "मन्हा भाऊनी बायको शे जळगावले, हेमलता. तिले इचार. तिन्हा हातनी जेली काचनी गत ऱ्हास. मन्हापेक्षा बी चांगली." दम लागला होता. मग माझं मनगट धरून हळूच म्हणाल्या, "पन तिले सांगू नको. डोकावर बसी जाई."

ती मीच, अक्का, असं म्हणायला मी तोंड उघडलं. मग त्यांच्या हातातली गढूळ बाटली दिसली. एकतीस वर्षांत पिळून केलेली जेली मी त्यांना पहिल्यांदाच दिली होती.

"नाही सांगत," मी म्हटलं.

मी दुसरा चमचा भरला. अक्कांनी तोंड उघडलं.