नऊ घरांच्या गावचा भोंगा

मी एक जुना भोंगा आहे आणि माझ्या तोंडात गांधीलमाश्यांनी घर केले आहे. मित्रांनो, त्यांच्याविषयी माझी काही तक्रार नाही. त्या निदान खरोखर इथे राहतात. मला शिसारी येते ती कागदावर राहणाऱ्यांची, आणि आज मी तोंड उघडले आहे ते त्यांच्याचसाठी.

माझा जन्म १९७८ साली सेऊलजवळच्या एका कारखान्यात झाला. पत्र्याची चकती साच्यात दाबून मला आकार दिला, वर राखाडी रंग मारला आणि गवतात गुंडाळून बामगोल या डोंगरातल्या गावी पाठवले. तिथे सभागृहाच्या छपरावर एका लोखंडी खांबाला मला जखडले. खाली इजांगच्या खोलीत माइक होता. इजांग म्हणजे आमच्याकडचा गावप्रमुख. माझ्याकडे आवाज आहे, पण श्वास दुसऱ्याचा लागतो. खालून कुणी बटण दाबून बोलले तरच मी बोलू शकतो.

तेव्हा बामगोलमध्ये त्रेसष्ट घरे होती. पहाटे इजांग घसा खाकरायचा, "आ, आ. इजांग बोलतोय," म्हणायचा आणि मग साऱ्या खोऱ्याला कळायचे की खत आले आहे, कुणाची तरी गाय सुटली आहे, किंवा अमक्याच्या वडिलांना साठ वर्षे झाली, दुपारी सगळ्यांनी जेवायला यावे. माझे फार कौतुक होई. दर पाच वर्षांनी शिरगणती आली की मी सकाळीच ओरडायचो, आज कुणी शेतावर जाऊ नका. मोजणीवाल्या बाई घरोघर जायच्या, दाराशी उभ्या राहून हाक मारायच्या, आणि आतून उत्तर आले की मगच पेन्सिल टेकवायच्या. ते काम मला आवडायचे.

बाकी मोजामोजीचा मला लवकरच वीट आला. देशाचे प्रांत, प्रांतांचे तालुके, तालुक्यांची मंडळे, मंडळांची गावे, गावांच्या आळ्या. इतके तुकडे करून पोट भरले नाही म्हणून आकडेवारीवाल्यांचे आणखी निराळे तुकडे, ज्यांना ओढा दिसत नाही, डोंगर दिसत नाही, फक्त डोकी दिसतात. एका वर्षी कुणीतरी तालुक्यात बसून मंडळाची हद्द सरकवली आणि आमची पर्सिमन फळांची बाग मधोमध कापली गेली. त्या उन्हाळ्यात कुत्र्यांना लस द्यायला माणूस आला, तो म्हणाला की मला फक्त या बाजूची कुत्री टोचायचा हुकूम आहे. बागेत एक पिवळा कुत्रा आडवा झोपला होता, डोके आमच्या मंडळात आणि ढुंगण पलीकडच्या. तो माणूस हातात सुई घेऊन पाच मिनिटे विचार करत उभा राहिला. शेवटी तसाच निघून गेला.

पुढे पोरे शहरात गेली, म्हातारे डोंगरावरच्या थडग्यांत गेले. नऊ घरे उरली आणि तेरा माणसे. इजांग होता मेंग पिल-सू, वय बाहत्तर, गावात सर्वांत तरुण. त्याच्या भिंतीला भिंत लावून हापगोकवाली राहायची. तिचे कागदावरचे नाव प्यो ओक-नाम, पण आमच्याकडे बाईला तिच्या माहेरच्या गावावरून ओळखतात. शहाऐंशी वर्षांची, एकटी. तिच्याकडे मंगळवारी आणि शुक्रवारी मि-ग्यॉन नावाची बाई येत असे. एकट्या म्हाताऱ्यांकडे लक्ष द्यायला मंडळ कचेरीनेच तिला नेमले होते. ती औषधे बघायची, गेलेला दिवा बदलायची आणि शुक्रवारी आजीचे केस धुवून द्यायची.

आता घाण सुरू होते. वर्षाच्या शेवटी तालुक्याची लोकसंख्या तीस हजारांच्या खाली गेली असती तर तालुका कचेरीतला एक विभाग बंद होणार होता आणि एका साहेबाची खुर्ची जाणार होती. म्हणून कचेरीने हुकूम काढला की प्रत्येक कर्मचाऱ्याने माणसे आणावीत. ती इथे राहिलीच पाहिजेत असे नाही, त्यांची नावे इथे राहिली म्हणजे झाले. आणि गावांना दम दिला की ज्या गावात पन्नासपेक्षा कमी डोकी, ते गाव पुसून शेजारच्या गावात घालू.

दो ग्यू-सान नावाचा कारकून अर्जांचा गठ्ठा आणि ताकदीच्या पेयाची खोकी घेऊन बामगोलला आला. केस तेल लावून चोपलेले, बूट चकचकीत. आमच्या चिखलात पाय टाकताना त्याने नाक मुरडले. मेंग पिल-सू आधी नको म्हणत होता. पण त्याचा बाप याच गावचा इजांग होता, आणि आपल्या हातून गाव बुडाले असे त्याला व्हायला नको होते. गाव गेले की सभागृह जाणार, तिथली खालून तापवलेली जमीन गार पडणार, जिच्यावर बसून म्हाताऱ्या दिवसभर पत्ते खेळतात. त्याने सह्या केल्या. मग तो अर्ज घेऊन त्या म्हाताऱ्यांकडेच गेला.

"वहिनी, नुसते कागदावरचे भाडेकरू आहेत," तो हापगोकवालीला म्हणाला. "तुमच्या भाताला हात लावणार नाहीत."

"तरणे आहेत का?" तिने हातातले पत्ते खाली न ठेवता विचारले. "असले तर दोन मला दे, तिसरा हिला दे. हिच्या घरात सतरा वर्षं पुरुषाची चप्पल नाही."

बायका पोट धरून हसल्या. हसत हसत तिने सहीऐवजी आपल्या नावाचा शिक्का मारला. तिच्या वाट्याला तिघे आले: खुद्द दो ग्यू-सान, त्याचा मेहुणा पांग जे-मुन, आणि कचेरीतल्या कुणाचा तरी मुलगा ओ सांग-गिल.

एकतीस डिसेंबरला बामगोलमध्ये एकसष्ट माणसे राहत होती. मी छपरावरून मोजली, तर बारा भरली, आणि तेरावा दवाखान्यात होता. छत उडालेल्या घरात चार माणसे राहत होती. जुन्या गोठ्यात एक प्राध्यापक राहत होता. तालुक्यात मेजवानी झाली म्हणे. मला ओकारी येत होती, पण भोंग्याला ओकताही येत नाही.

जानेवारीच्या दुसऱ्या मंगळवारी मि-ग्यॉन आली ती फाटकातच थांबली. तिने सांगितले की आजी, माझ्या यादीतून तुमचे नाव गेले, यादीत फक्त एकट्या राहणाऱ्या असतात.

"मग मी कुणाबरोबर राहतेय?" हापगोकवालीने विचारले.

मि-ग्यॉनने कागद काढून तीन नावे वाचली. मग ती म्हणाली की मी कचेरीत बोलून बघते, आणि मान खाली घालून निघून गेली. ती बोलली असेलही. तिचे कोण ऐकणार?

फेब्रुवारीत एका सकाळी हापगोकवाली अंगणातल्या रांजणांतून सोयाबीनचा मसाला काढायला गेली आणि बर्फावरून घसरली. दहा वाजले होते. तीन वाजेपर्यंत ती रांजणांच्या मध्ये पडून होती. मी हे सगळे बघत होतो. मित्रांनो, माझे तोंड अर्धा मीटर रुंद आहे, माझा आवाज तीन डोंगर ओलांडतो, आणि मी एक शब्द बोलू शकलो नाही. माइकपाशी कुणी नव्हते. इजांग मंडळ कचेरीत बैठकीला गेला होता, बैठकीचा विषय होता लोकसंख्या. शेवटी पत्त्यांना चौथा भिडू नाही म्हणून बायका तिला शोधत आल्या, तेव्हा ती सापडली. मनगट मोडले होते आणि ओठ निळे पडले होते. त्या दिवशी मला सगळ्यांबरोबर स्वतःचीही किळस आली.

हाताला प्लास्टर घालून ती परत आली. इजांगने माझ्या खालच्या खोलीतून मंडळ कचेरीला फोन लावला आणि म्हातारीला परत मदत द्या म्हणून गयावया केली. पलीकडून उत्तर मिळाले की त्या घरात तीन धडधाकट पुरुष आहेत, त्यांना सांगा. इजांगने फोन ठेवला. खरे काय ते सांगितले तर गाव जाणार. तो उठून घरी गेला. मला वाटले होते याला तरी लाज असेल.

एप्रिलमध्ये सत्कार झाला. तालुक्याचे उपप्रमुख आले, 'लोकसंख्येत वाढ झालेले आदर्श गाव' अशी पितळी पाटी घेऊन. अंगणात टेबले मांडली, भाताच्या वड्या, किमची, डुकराचे उकडलेले मांस. दो ग्यू-सान सगळ्यांत पुढे, हातात थाळी. इजांगच्या छातीवर रेशमी पट्टा. भाषण चालू असताना माझ्या तारेत खरखर झाली. खाली कुणीतरी बटण दाबले होते.

"आ, आ. हापगोकवाली बोलतेय."

भाषण थांबले.

"माझ्या घरात राहणाऱ्या तिघांना निरोप आहे. दो ग्यू-सान, पांग जे-मुन, ओ सांग-गिल. बाळांनो, चार महिने झाले, तुम्ही अजून घरी आला नाहीत. भात झाकून ठेवलाय. स्वयंपाकघरातला दिवा गेलाय, तो एकाने बदला. एकाने बादलीभर पाणी तापवा. आणि तिसऱ्याने माझं डोकं धुवून द्या. माझा एकच हात चालतोय, आणि शेजारणींचे हात आता वर जात नाहीत. दोन महिने डोक्याला पाणी नाही. खाज सुटते रे."

एवढे बोलून तिने बटण सोडले नाही. माझ्यातून तिचा श्वास ऐकू येत राहिला, साऱ्या खोऱ्यात.

उपप्रमुखांनी कारकुनाकडे पाहिले आणि विचारले की हे नाव तर तुमचे ना. दो ग्यू-सानच्या तोंडात भाताची वडी होती. ती त्याने तशीच गिळली.

"याच नावाचा दुसरा कुणी असेल, साहेब," तो म्हणाला.

बेचाळीस वर्षे मी त्या छपरावर होतो. वादळे पाहिली, माझ्या तोंडात मेलेली पाखरे पाहिली. त्या वाक्याइतकी घाण माझ्या कानांवर कधी पडली नव्हती. आणि तेव्हा मेंग पिल-सूने छातीवरचा पट्टा काढून टेबलावर ठेवला.

"दुसरा कुणी नाही. हेच ते," तो म्हणाला. "वहिनींच्या घरात हेच राहतात. खाली सही माझी आहे."

त्याने पितळी पाटी उपप्रमुखांच्या हातात परत दिली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने तो मंडळ कचेरीत गेला आणि अठ्ठेचाळीस माणसे आपल्या हाताने खोडून आला. परतल्यावर त्याने माझ्यातून सांगितले की आजपासून आपण बाराच आहोत. तेरावा दवाखान्यातच वारला होता.

शरद ऋतूत बामगोल हे गाव संपले. डोंगरापलीकडच्या गावाची आम्ही आळी झालो. सभागृहाला कुलूप लागले, म्हाताऱ्या आता मेंग पिल-सूच्या घरी पत्ते खेळतात आणि आज कोळशाला पैसे कोण देणार यावरून भांडतात. नव्या गावाचे निरोप मोबाइलवर येतात, त्यांना भोंगा लागत नाही. माझी तार कापली. मेंग पिल-सूने मला खांद्यावरून घरी नेले आणि भिंतीलगतच्या पडवीत खुंटीला टांगले. टांगताना त्याने माझ्यावरची धूळ बाहीने पुसली. त्याचे डोळे भरून आले होते. मी त्याला माफ केले आहे, बहुतेक.

त्या भिंतीपलीकडे हापगोकवालीचे फाटक आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी मि-ग्यॉन येते, बाहेरूनच विचारते, "आजी, आहात का?" आणि आतून खेकसल्यासारखा आवाज येतो, "आहे गं. पाणी तापलंय, ये."

मित्रांनो, उद्या तुम्हीही कुठल्यातरी कचेरीत बसाल. तुमच्यासमोर नकाशा असेल, हातात पेन्सिल असेल, रकाने भरायचे असतील. तेव्हा आधी उठा. दारापर्यंत चालत जा आणि हाक मारा. आतून "आहे" असे आले, तरच आकडा लिहा.