मुक्या राजपुत्राचा पक्षी

देवळ्याच्या ठमाबाईंनी १९९६ साली मला पत्र पाठवलं होतं. मी उत्तर दिलं नाही.

एका रविवार पुरवणीत मी जपानी पुराणातल्या होमुचिवाके या राजपुत्रावर लिहिलं होतं. आईने त्याला पेटत्या गढीतून बाहेरच्यांच्या हाती सोपवलं आणि स्वतः आत जळाली. दाढी छातीपर्यंत आली तरी तो मुकाच. एके दिवशी हंस ओरडत डोक्यावरून गेला आणि त्याने पहिल्यांदा तोंड उघडलं. माझा लेख तिथेच संपला.

‘आमचा स्वराज सहा वर्षांचा झाला, बोलत नाही,’ असं पत्रात होतं. ‘पोपटाचा उष्टा पेरू पुष्कळ चारला. तुमचा पक्षी कुठे येतो?’

मला पक्ष्यांतलं काही कळत नाही. शिवाय एका जुन्या ग्रंथात हंस पकडून आणला तरी राजपुत्र बोलला नाही, असंही आहे. त्यांची आशा मोडणारा मी कोण? उत्तरं लिहिली, फाडली.

काही वर्षांनी शेजाऱ्यांनी आग्रहाने मला नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात नेलं. पाण्याच्या काठावर एक बाई मुलाला घेऊन बसली होती.

“आल्या का ठमाबाई?” रखवालदार हसला. “यंदा तरी पाखरू पोराला भाषण शिकवणार का?”

“हसा, भाऊ. राजाच्या पोराला वाचा आली, माझ्या स्वराजनं काय पाप केलं?”

मी गारठलो. कसंबसं विचारलं, “डॉक्टरांना दाखवलं?”

“दाखवलं ना, बाबा. मॅडम म्हनल्या, कानाला यंत्र लावा, नाशकात शाळंत ठेवा. पन पेपरात लिहिलंय, पाखरानं वाचा येती. मग लेकरू लांब कशाला टाकू?”

तेवढ्यात मागच्या शेतातून करकोच्यांचा थवा उठला. असा कल्लोळ, की आमचं बोलणं बुडालं. ठमाबाई हात जोडून उभ्या राहिल्या. स्वराज पाण्याकडे तोंड करून चिखलाचा बैल करत होता. त्याने मान वळवली नाही.

“बघ की रं!” त्या ओरडल्या. तेव्हाही नाही.

तो लेख माझा, हे सांगायचा धीर झाला नाही. घरी येऊन लिहिलं:

‘ठमाबाई, राजपुत्राला हंसाचा आवाज ऐकू आला होता. स्वराजला ऐकू येत नाही. पक्ष्याची वाट पाहू नका, शाळेत घाला. मी सोबत येतो. काठावर डॉक्टरांचं विचारणारा म्हातारा मीच, तो लेखही माझाच.’

पंचवटीतल्या टपालपेटीपाशी बराच वेळ उभा राहिलो. मग पाकीट आत सोडलं.