शिक्का बसला आणि वाचा गेली

मी बी.ए.च्या इतिहासाच्या नोट्सची फाइल बोलतेय. तुमच्याशी बोलतेय, बरं का! जिच्याशी बोलायला हवं, त्या सौम्यापुढं माझी दातखीळ बसते.

माझा जन्म बेळगावातल्या एका कॉलेजात झाला. उपेंद्र सरांनी मला स्वतः टाइप केलं, ओळ न् ओळ तपासली. तेव्हा मी चांगली बोलकी होते. कुठल्याही फोननं मला घडाघडा वाचून दाखवलं असतं. पण आमच्या विभागाची रीत अशी, की सही-शिक्का नसेल तर नोट्स खऱ्या नाहीत. मग काय, मला कागदावर छापलं, वर जांभळा शिक्का हाणला, मशीनवर पालथं घालून पानापानाचे फोटो काढले आणि तेच ग्रुपवर पाठवले. अक्षरं गेली, त्यांची चित्रं उरली.

सौम्या उचगावची. तिला दिसत नाही. फोन वाचतो, ती ऐकते, असा तिचा अभ्यास. बी.एड. करून मास्तरीण व्हायचंय तिला. बाकीचे विषय तोंडपाठ आहेत. मला उघडलं की मात्र फोन म्हणतो, "चित्र." पुढचं पान? "चित्र." अहो, आत अख्खा इतिहास भरलाय आणि हा शहाणा म्हणतो चित्र! नुसता संताप होतो.

तिनं सरांना फोन लावला. टाइप केलेली फाइल तेवढी द्या की, म्हणाली. सर मनाचे चांगले, पण पोरीला नीट दिसत नाही एवढंच त्यांच्या डोक्यात शिरलं. सुट्टी असून कॉलेजात गेले, मला मोठ्या अक्षरांत छापलं, पुन्हा शिक्का, पुन्हा फोटो! "आता बघ गं, केवढं ठळक केलंय," असा वर निरोप.

सौम्यानं उघडलं. "चित्र."

तिनं परत विनवलं. सर म्हणाले, शिक्क्याशिवाय कशी देऊ, उद्या कुणी आत काही बदललं तर?

"सर, शिक्का मला दिसतच न्हाय," सौम्या म्हणाली.

सर म्हणाले, मग मैत्रिणीकडनं वाचून घे. चिन्मयीनं बिचारीनं दोन धडे वाचले; तिचाही पेपर उद्याच आहे.

उपेंद्र सर, तुमच्या कॉम्प्युटरवर मी अजून आहे तशी आहे, धडधाकट. तेवढी पाठवा हो. उद्या पेपरात माझ्यातलंच विचारणार, सौम्याला ते येणार नाही, आणि तुम्हीच म्हणाल, पोरीनं अभ्यास केला नाही.