बारापैकी सात

त्या पत्राला मी एकवीस वर्षं उत्तर दिलं नाही. ते हरवलं असं म्हणायची सोय नव्हती, कारण ते कुठे आहे हे मला पक्कं ठाऊक होतं. शब्दकोशाच्या दुसऱ्या खंडात, प आणि म यांच्या मध्ये कुठेतरी. तेव्हापासून मी तो खंड उघडायचं टाळत आलो. त्या पाच अक्षरांतले शब्द मी अंदाजानेच वापरतो, आणि त्यातले काही चुकत असणार.

पत्र एका नर्सबाईंचं होतं. वहीतला रेघांचा कागद, दोन्ही बाजूंनी लिहिलेला. अक्षर ठळक, सुटं, दुसऱ्याला घाईत वाचता यावं असं.

माझी नोकरी तेव्हा हॉस्पिटलांसाठी औषधाचे पंप बनवणाऱ्या कंपनीत होती. सलाइनच्या नळीतून औषध कोणत्या वेगाने जावं, ते हा पंप सांभाळतो. नवा पंप बाहेर जाण्याआधी तो खऱ्या नर्सेसच्या हाती द्यायचा आणि त्या कुठे अडखळतात ते टिपायचं, हे माझं काम. एक खोली, खोलीत खाट, खाटेवर रबरी बाहुला, उशाशी पंप. भिंतीत एकतर्फी काच आणि काचेमागे आम्ही. मी मुळातच अबोल. ऑफिसात मला मौनीबुवा म्हणायचे. या कामात गप्प बसण्यालाच कौशल्य म्हणतात, म्हणून मी त्यात टिकलो असेन.

नियम दोनच होते. सुरुवातीला प्रत्येकीला सांगायचं, "आम्ही तुमची परीक्षा घेत नाही, यंत्राची घेतोय." आणि तिने मध्येच काही विचारलं तर उत्तर द्यायचं नाही. उलट विचारायचं, "तुम्हाला काय वाटतं?" कारण खऱ्या वॉर्डात उत्तर द्यायला आम्ही नसणार.

त्या बाई बारा जणींतल्या नवव्या. चोवीस वर्षं वॉर्डात काढलेल्या. खोलीत आल्या आल्या त्यांनी बाहुल्याची चादर सारखी केली. मी माईकवरून काम सांगितलं, तासाला अडीच मिली. त्यांनी दोन दाबला, टिंब दाबलं, पाच दाबला. टिंबाचं बटण शून्याच्या कडेला चेपून बसवलेलं होतं आणि जोर लावल्याशिवाय ते लागत नसे. पडद्यावर पंचवीस उमटले. पण मनात अडीच धरलेल्या माणसाला तिथे अडीचच दिसतात.

काचेकडे वळून त्यांनी विचारलं, "बरोबर आहे ना, सर?"

मला पंचवीस दिसत होते. मी माईकचं बटण दाबून म्हणालो, "तुम्हाला काय वाटतं, सिस्टर?"

त्यांना तो होकार वाटला. त्यांनी 'सुरू' दाबलं आणि लाल दिवा लागला.

माझ्या शेजारी तो पंप ज्यांनी बनवला ते इंजिनिअर बसले होते. ते म्हणाले, "झालं. बाईंनी बाहुल्याला मोक्ष दिला." आणि स्वतःच हसले. मीही हसलो. विनोद आवडला म्हणून नव्हे. मोठ्या हुद्द्याचा माणूस हसला की मला हसू येतं, ही माझी जुनी खोड. पण हसलो, आणि चांगला मोठ्याने. माईकचं बटण अजून माझ्या अंगठ्याखाली दाबलेलंच होतं.

बाईंनी काचेकडे पाहिलं. मग पंप बंद केला, बाहुल्याच्या हाताची पट्टी नीट सोडवली, आणि कोणालाही न विचारता खोलीबाहेर गेल्या.

अहवालात कारणाचा एक रकाना असे. बारापैकी सात जणींचं टिंब लागलं नव्हतं. सातही ओळींसमोर मी 'यंत्राची रचना' असं लिहिलं होतं. इंजिनिअर म्हणाले, "मौनीबुवा, वरच्यांना रचना हा शब्द दिसला की ते सगळंच पुन्हा करायला लावतील. 'दुर्लक्ष' लिहा. बटण मी गुपचूप बदलतो." त्यांनी ते बदललं, पंप बाहेर जायच्या आतच. आणि मी सातदा खोडून सातदा लिहिलं, 'वापरणाऱ्याचं दुर्लक्ष'.

तीन आठवड्यांनी पत्र आलं.

"सर, तुम्ही म्हणाला होता, परीक्षा यंत्राची आहे. मग एवढंच सांगा, ते माझ्याच हातून झालं की बाकीच्यांच्याही? त्या दिवसापासून मी प्रत्येक आकडा चार चारदा बघते आणि पेशंट ताटकळत राहतो. मी मेट्रनबाईंकडे कपड्यांच्या स्टोअरमध्ये बदली मागितली आहे. महिनाअखेरपर्यंत विचार कर म्हणाल्या. तुमचं उत्तर आलं तर मला ठरवता येईल. काचेमागे कोण हसलं ते मी विचारत नाही."

महिनाअखेरपर्यंत मी रोज मनात उत्तर लिहीत होतो. अहवाल गोपनीय आहे, असं स्वतःला सांगत होतो. महिना संपल्यावर आता उशीर झाला हे कारण मिळालं, आणि ते पुढे कितीही वर्षं पुरलं.

एकदा त्या मला दिसल्या. चार वर्षांनी बायकोच्या गुडघ्यासाठी आम्ही त्यांच्याच हॉस्पिटलात गेलो होतो. लिफ्टच्या शेजारी स्टोअरचं दार उघडं होतं. त्या चादरींचा गठ्ठा मोजत होत्या. मोजून झाला, बाजूला ठेवला, पुन्हा ओढून घेतला आणि पुन्हा मोजायला लागल्या. मी बायकोला म्हणालो, "आपण जिन्याने जाऊ."

गेल्या सोमवारी आमच्या वाचनालयात पुस्तकं परत घेणारं यंत्र बसलं. त्याच्याजवळ एक मुलगी हातात कागद घेऊन उभी होती.

"काका, पाच मिनिटं आहेत का? आम्ही तुमची परीक्षा घेत नाही हं, यंत्राची घेतोय."

मी पुस्तक खाचेत सरकवलं. ते बाहेर आलं. पुन्हा सरकवलं, पुन्हा आलं. मागे दोन माणसं येऊन थांबली.

"बरोबर करतोय ना मी?"

"तुम्हाला काय वाटतं, काका?"

मला वाटलं, आता आपल्याला इथे येऊन पुस्तक परत करणंही जमणार नाही. तिने शेवटी ते हातात घेतलं आणि आभार मानले. मी निघायला हवं होतं, पण विचारून बसलो, "बाकीच्यांचं काय झालं?"

"आता सांगते, तुमचं संपलंय ना." तिने कागदावर नजर टाकली. "तुमच्याआधी नऊ जण झाले, त्यातल्या सहा जणांचं पुस्तक असंच बाहेर आलं. खाचेवरचं चित्रच उलटं आहे हो. तुमचं काही नाही त्यात."

इतकं सोपं होतं ते. मी पायऱ्या उतरलो तेव्हा मला चक्क हलकं वाटत होतं, आणि त्याचीच सगळ्यात जास्त लाज वाटली.

घरी येऊन दुसरा खंड काढला. दोन दिवस लिहीत होतो, चार पानं झाली. मग दोन्ही पत्रं बायकोपुढे ठेवली. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं.

"या बाईंनी जे विचारलंय त्याचं उत्तर माझ्या पत्रात कुठे सापडतं, तेवढं सांग."

तिने चष्मा लावला. बाईंचं पत्र दोनदा वाचलं. मग माझं. मी सवयीने तिचं बोट कुठे थांबतं ते बघत होतो.

"तिसऱ्या पानाच्या तळाशी," ती म्हणाली. "तोवर तुमचा भिडस्त स्वभाव, तुमचं मन, तुमची झोप. अहो, तिने तुमची तब्येत नाही विचारलेली."

"बरं."

"आणि हे 'काचेमागे हसणं झालं' म्हणजे काय? कार्यक्रम झाला, तसं? कोण हसलं?"

"इंजिनिअर."

ती चष्म्यावरून बघत राहिली.

"आणि मी," मी म्हणालो.

"मग तसं लिहा. 'चूक झाली, चूक झाली' किती वेळा लिहिलंय. एकदाही ती कोणी केलेली दिसत नाही."

मी कागद गोळा करायला लागलो. ती म्हणाली, "म्हणून जिन्याने नेलंत होय मला तेव्हा?"

"हो."

"तीन मजले," ती म्हणाली, आणि आत गेली.

नवं पत्र पोस्टकार्डावर मावलं असतं, पण मी पाकीटच घेतलं.

"सिस्टर, तुमच्या पत्राचं उत्तर. बारापैकी सात जणींचं टिंब लागलं नाही. ते बटण वाईट होतं, तुमचा हात नाही. बटण नंतर बदललं. तुम्ही विचारलंत तेव्हा मला पंचवीस दिसत होते. अहवालात मी सातही जणींवर खोटं दुर्लक्ष लिहिलं. तुम्ही महिनाअखेरपर्यंत वाट पाहिलीत आणि मी उत्तर दिलं नाही. काचेमागे मी हसलो."

"शेवटी क्षमा मागू का?" मी आतल्या खोलीच्या दारात जाऊन विचारलं.

"मागितलीत की तिला ती द्यावी लागणार. तिला आणखी काम कशाला?" मग, "ती अजून त्याच पत्त्यावर असेल?"

"माहीत नाही."

"मागे आपला पत्ता लिहा."

लिहिला. कोपऱ्यावरच्या पेटीपर्यंत गेलो. पाकीट अर्धं आत सरकवलं आणि तसाच उभा राहिलो. मागून एक बाई म्हणाल्या, "काका, टाकताय की काढताय?"

"टाकतोय," मी म्हणालो, आणि टाकलं.