दाखल्याला जोडलेली तेरा पानं

बेहरूज तवक्कोली पुण्यात भूकंपरोधक बांधकामावर डॉक्टरेट करून इराणला परतला, तेव्हा जन्मभर प्राध्यापकी करायची, एवढंच त्याच्या मनात होतं. मग मुलींच्या एका वसतिगृहाची तपासणी त्याच्याकडे आली. तिथलं काँक्रीट नखाने खरवडलं तरी भुगा पडत होता. त्याने तेरा पानी अहवाल लिहिला: इमारत ताबडतोब रिकामी करा.

त्याची धाकटी बहीण निलूफर तिथेच राहत होती. "परीक्षा होईपर्यंत थांब. अहवाल दिलाय, सगळ्यांनाच हलवतील," असं त्यानेच तिला सांगितलं.

वसतिगृह बांधणाऱ्या कंत्राटदार सोहराबीचा वशिला वरपर्यंत होता. अहवाल दाबला गेला, बेहरूजची नोकरी गेली. महिन्याभराने भूकंपाच्या साध्याशा धक्क्याने वसतिगृह बसलं. अकरा मुली गेल्या. त्यांत निलूफरही होती.

बेहरूजला भाषा येत होत्या, म्हणून एका नातेवाइकाने त्याला परराष्ट्र खात्यात चिकटवलं. गोड बोलायचा तो धंदा त्याने दात आवळून शिकून घेतला. सोळा वर्षांनी तो मस्कतच्या इराणी वकिलातीत मोठ्या हुद्द्यावर बसला. अहवालाची प्रत दर बदलीला त्याच्या सामानात असे.

एका सकाळी अश्विन रामटेकेचा फोन आला. बेहरूजचा हा पुण्यातला खोलीसोबती आता मस्कतच्याच कुरुम भागात सल्लागार इंजिनीअर होता.

"इथल्या अल अमेरातच्या शाळेचं टेंडर आलंय. एक सोहराबी आहे त्यात. तोच का रे?"

"तोच," बेहरूज आपल्या मोडक्या मराठीत म्हणाला. "वकिलातीचा शिक्का असलेला अनुभवाचा दाखला माग त्याच्याकडे."

चौथ्या दिवशी सोहराबी समोर येऊन बसला. केस पिकलेले, हातात तसबीची जपमाळ. त्याने बेहरूजला ओळखलं नाही. बेहरूजने त्याला चहा दिला. पूर्ण केलेल्या कामांच्या यादीत वसतिगृहही होतं. ते पडल्याचं इथे कोणाला ठाऊक नसणार, एवढी निर्लज्ज खात्री त्याला होती.

बेहरूजने यादीवर शिक्का मारला, मग तिच्यामागे अहवालाची तेरा पानं आणि मेलेल्या मुलींच्या नावांचं एक चौदावं पान टाचलं.

"हे काय?"

"तुमच्या कामाचा तपशील. शेवटच्या पानावरचं सहावं नाव वाचा. मोठ्याने."

"निलूफर तवक्कोली," सोहराबीने वाचलं. टेबलावरच्या पाटीकडे त्याची नजर गेली; तिथेही तेच आडनाव होतं. "डॉक्टरसाहेब, मी म्हातारा माणूस. दाखला नको मला. कागद परत द्या."

"अर्ज नोंदलाय. पाकीट थेट सल्लागाराकडे जाईल. बाकीची नावंही वाचा. सगळी वाचल्याशिवाय उठू नका."

सोहराबीने वाचली. दोनदा त्याचा आवाज बसला. दोन्ही वेळा बेहरूजने त्याला पाणी पाजलं आणि पुढे वाचायला लावलं.

पुढच्या आठवड्यात अश्विन सांगायला आला. "खलास. टेंडरमधून त्याचं नाव काढून टाकलं. इथे आता कोणी दारात उभं करणार नाही त्याला. तुला बरं वाटतंय ना?"

"नाही," बेहरूज म्हणाला. "शिराजमध्ये त्याच्या अजून दोन इमारती आहेत. त्यांचे नकाशे मागवलेत मी."