साहेबाच्या पोटातली टिकली

मी नदीवरच्या मत्स्य केंद्रात माशांची पोटं फाडते. काय करता म्हणून कोणी विचारलं तर असंच सांगते आणि समोरच्याचं तोंड बघत बसते. काम तसं साधं आहे. जाळ्यातून आलेला मासा मोजायचा, तोलायचा, जठर कापून ट्रेमध्ये मोकळं करायचं आणि आत काय काय निघालं ते लिहायचं. उरलेला मासा आम्ही घरी नेतो. म्हणजे बाकीचे नेतात. आमच्याकडे तो चालत नाही, कारण आबा, माझे वडील.

मी कापते त्या माशाचं नाव साहेब. पुस्तकात वेगळं आहे, पण नदीकाठी सगळे साहेबच म्हणतात, कारण तो एका सरकारी साहेबाच्या बंगल्यातून आला. हिरवट पिवळा, अंगावर तीन काळे पट्टे, आणि जबडा असा की माझी मूठ आत जाईल. त्याला नदीत सोडला आमच्या आबांनी.

मी तेव्हा नऊ वर्षांची होते. आबा सकाळी जाळं टाकायचे आणि दुपारी बंगल्यातलं तळं सांभाळायचे. त्यात साहेबाने कुठून तरी लांबून आणवलेले सहा मासे होते. आबा दोन बोटांत गांडूळ धरून पाण्याला टेकवायचे आणि मासा अलगद येऊन घ्यायचा. मलाही भरवू द्यायचे. बोटाला बसणारी ती हलकी ओढ मला अजून आठवते. पुढे साहेबाची बदली झाली. जाताना म्हणाला, मारून टाका सगळे.

आता आमच्या घरात आजोबांपासूनची एक रीत होती. हाताने भरवलेला मासा कापायचा नाही, आणि आबांच्या लेखी त्याची पिलावळही घरात शिजवायची नाही. आबांनी जन्मभर नदीतले मासे मारले, पण हे सहा त्यांना मारवेनात. हंड्यात घालून त्यांनी ते नदीवर नेले आणि "जा बाबांनो, सुखी राहा" म्हणून सोडून दिले. मी वेडी, काठावर उभी राहून टाटा करत होते.

राहिले की सुखी! साहेब दिवसाढवळ्या, डोळ्यांनी हेरून शिकार करतो. स्वच्छ पाण्यात त्याच्यापुढे कोणाचा निभाव लागत नाही. वर नवरा-बायको दोघं मिळून पिल्लांवर पहारा देतात, म्हणून त्यांची पिल्लं जगतात. आमच्या नदीतल्या बारक्या मासळीने असला प्राणी कधी पाहिलाच नव्हता. पळायचं असतं हेसुद्धा बिचारीला ठाऊक नव्हतं. आधी बारकी मासळी कमी झाली, मग तिच्यावर जगणारे खंड्या पक्षी दिसेनासे झाले, मग डासांच्या अळ्या खायला कोणी उरलं नाही, डास वाढले. शेवटी टिकलीही गेली.

टिकली म्हणजे बोटाच्या पेराएवढी मासळी, शेपटीजवळ एक काळा ठिपका. नदीच्या पायऱ्यांवर पाय सोडून बसलं की शेकड्यांनी यायच्या आणि पायांना नुसत्या गुदगुल्या. आई कपडे धुता धुता म्हणायची, "बघ गं, फुकटात पाय घासून देतात." मी इतकी हसायचे की एकदा पाण्यातच पडले. आता आई नाही, टिकल्या नाहीत, पायऱ्या तेवढ्या आहेत. तिथे बसलं की रडू येतं, म्हणून मी बसत नाही.

आबा आता चौऱ्यांशीचे. खिडकीपाशी त्यांची खाट असते. संध्याकाळी मी चपला काढते न काढते तोच विचारतात, "मिळाली?" मी म्हणते, "नाही." सहा वर्षं हेच चाललं होतं. कधी कधी माझा पारा चढायचा. "अहो, दमलीस का, चहा घेतेस का, असं काही विचारतात आधी!" ते म्हणायचे, "दमलीस का? मिळाली?"

गेल्या आठवड्यात केंद्रातल्या मॅडमनी सांगितलं की शनिवारी नदीतल्या माशांची यादी वर जाणार. सहा वर्षांत जी जात सापडली नाही तिच्यापुढे 'नष्ट' लिहायचं. टिकलीपुढे त्यांनी पेन्सिलीने लिहूनही ठेवलं. मी घरी चकार शब्द काढला नाही, पण आबांना कुठून कळलं देव जाणे. त्यांनी जेवणच टाकलं. मी ओरडले, विनवण्या केल्या, पेजेची वाटी तोंडाशी नेली.

"माझ्या हाताने गेली गं ती," एवढंच म्हणाले आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

शुक्रवारी अकरावा साहेब कापायला घेतला. जठरातून कोळंबीची टरफलं निघाली, त्याच्याच जातीचं एक पिल्लू निघालं आणि त्याखाली काहीतरी चकाकलं. चिमट्याने हळूच ओढलं. अख्खी होती. शेपटीजवळ काळा ठिपका.

"मॅडम!"

"काय झालं मावशी? बोट कापलं?"

"बोट गेलं खड्ड्यात, आधी इकडे या!"

त्यांनी भिंगाखाली धरली. ताजी होती, सकाळीच गिळलेली. पोट अंड्यांनी तट्ट फुगलेलं. माशाला बांधलेल्या चिठ्ठीवर जागा लिहिली होती, जुन्या धक्क्यामागची लव्हाळी. तिथलं पाणी कायम गढूळ, साहेबाला आतलं काही दिसत नाही. त्या गवतात टिकल्या लपून राहिल्या असणार. ही एकटी बाहेर आली आणि सापडली. मॅडमनी खोडरबर घेतलं आणि 'नष्ट' पुसून टाकलं. मग टिकली बरणीत घालून माझ्या हातात दिली. "उद्या परत आणा मावशी. आणि साहेबालाही न्या आज."

रस्ताभर मी ठरवत होते की जाळ्यात मिळाली असंच सांगायचं. साहेबाच्या पोटात, असं म्हणाले तर त्यांचा जीव आणखी तुटेल.

"मिळाली?"

मी बरणी त्यांच्या हातात ठेवली. खिडकीच्या उजेडात धरून ते कितीतरी वेळ बघत राहिले.

"कुणाच्या जाळ्यात आली?"

थाप अगदी ओठांवर होती. पण आबांना माशाबद्दल खोटं सांगायचं? मला जमेना.

"जाळ्यात नाही आबा. साहेबाच्या पोटात होती."

मला वाटलं, संपलं. मग त्यांनी बरणी आणखी जवळ घेतली.

"अंड्यावर आलीय."

"हो."

"म्हणजे तिथे अजून आहेत."

"लव्हाळ्यात आहेत. मॅडम पण तेच म्हणाल्या."

डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलंसुद्धा नाही.

"आणि तो कुठाय?"

"कोण?"

"हिला गिळणारा."

"पिशवीत. शेजारी देते आत्ता."

"शेजारी कशाला? काप त्याला."

मी बघतच राहिले. "आबा, अहो, हाताने भरवलेला..."

"मी भरवलं त्या सहांना. ते कधीच मेले. याला मी भरवलं नव्हतं. तळ जा. आणि काटे काढून दे, मला दात नाहीत."

मी तळला. काटे काढून एकेक घास त्यांच्या तोंडात दिला. दोन तुकडे खाल्ले त्यांनी, पाच दिवसांनी पोटात अन्न गेलं.

"चव बरी आहे मेल्याची," आबा म्हणाले. "पंचेचाळीस वर्षं उगाच..." आणि पुढच्या घासासाठी त्यांनी तोंड उघडलं.