टेबलापासून चार बोटं वर

मित्रांनो, मी एक जुना लाकडी हातोडा आहे. खिळे ठोकणारा नव्हे. भर सभेत टेबलावर आपटून माणसांना गप्प करतात, त्यांतला. निदान तसा होतो.

माझं बालपण एका पलंगाच्या पायात गेलं. त्या पलंगावर एक राजा झोपे आणि घोरता घोरता फर्मानं काढी, असं मला घडवणारा सुतार सांगायचा. त्याची बायको म्हणायची, "राजा कसला डोंबलाचा! माझ्या मावशीचा पलंग तो, ढेकणांनी भरलेला." तुम्हाला पटेल ते घ्या. मी राजाचं घेतलंय.

सुताराकडून मला राज्यशास्त्राच्या सरांनी उचललं. सरांचा वर्ग कॉलेजच्या मागच्या इमारतीत, जिन्याला लागून असलेल्या लांबट खोलीत भरे. पंख्याला पाती तीन, आवाज मात्र सात पात्यांचा. दर शनिवारी शेवटच्या तासाला तिथे सभा असे. मुलं दोन बाजूंना बसत आणि जे प्रश्न त्यांना खरोखर छळत, त्यांवरच भांडत. वसतिगृहाचं दार कधी लावायचं? सुट्टीच्या दिवशी ग्रंथालयाला कुलूप का?

त्या सभेची एक रीत होती. विरोधात बोलायला उठलात, की आधी समोरच्याचं म्हणणं त्याला पटेल असं मांडायचं. तो "हो, हेच" म्हणाला की मग आपलं. आणि ज्याच्या हाती मी, त्याने स्वतः बोलायचं नाही. बोलणाऱ्याचं वाक्य पुरं होईपर्यंत मला टेबलापासून चार बोटं वर धरायचं.

"हाणता येत असून हाणायचं नाही, एवढं जमलं की राज्यशास्त्र आलं," सर म्हणत. "बाकीचं पुस्तकात आहे. ते परीक्षेच्या आदल्या दिवशीही पाठ होतं."

माझा दरारा काय सांगू! एक ठोका पडला की गळका नळ थांबे, छपरावरची कबुतरं रांगेत बसत, आणि एकदा तर वरच्या मजल्यावर डुलकी घेणारे उपप्राचार्य "हजर!" म्हणून ताडकन उभे राहिले.

त्या वर्गात एक मुलगा होता. सगळे त्याला सभापती म्हणत, आणि त्याला ते गोड लागे. मला धरावं तर त्यानेच. ना आरडाओरडा, ना गोंधळ; सभा कशी रेशमासारखी चाले. एक मुलगी होती, तिचं नाव पडलं होतं नकारघंटा. कुठल्याही ठरावाला तिचा हात आडवाच जायचा. मतं मोजली की ती बहुधा हरायची. तोंड पाडून बसायची आणि पुढच्या शनिवारी पुन्हा उठायची.

एकदा ती म्हणाली, "सर, ह्याला एकदा खाली बसवा की! ह्याचं म्हणणं पडल्यावर तोंड कसं होतं, बघायचंय मला."

सर हसले. "अगं, जो गाडी नीट चालवतो, त्याच्याच हातात देतात ना चाक?"

मीही हसलो होतो. त्याचा तळवा मऊ होता.

वर्षं गेली. सर निवृत्त झाले. नकारघंटा त्याच खोलीत शिकवायला लागली. केस पिकले, पण शनिवार चुकवला नाही. आणि सभापती? तो संस्थेचा अध्यक्ष झाला. एक दिवस बैठकीचं बोलावणं आलं. विषय एकच होता: राज्यशास्त्र विभाग बंद करणे. खाली त्याने आपल्या हाताने लिहिलं होतं, "आपला जुना हातोडा आणावा, आठवणीसाठी." मी वेडा, हरखलो.

लांब टेबल, थंडगार खोली, सदस्यांचे चहाचे कप. मी पुन्हा सभापतीच्या मऊ तळव्यात. म्हातारे सर दाराजवळच्या खुर्चीत. नकारघंटेचा विभाग, तिचे शनिवार, सगळं तिच्या त्या बोलण्यावर टांगलेलं. ती उभी राहिली. तिने काय करावं? तिने रीत पाळली.

"आधी अध्यक्षांचं म्हणणं सांगते," ती म्हणाली. "मुलं कमी येतात. ह्या विषयावर नोकरी मिळत नाही. खोली मोठी आहे, ती दुसऱ्या कामाला येईल. बरोबर?"

"हो, हेच," सभापती म्हणाला. अगदी जुन्यासारखं, गोड हसून.

"पण..." तिने श्वास घेतला.

तेवढ्यात मी डोकं दांड्यातून सोडवलं, हवेत तीन गिरक्या घेतल्या आणि अध्यक्षांच्या टाळूवर असा बसलो, की...

नाही मित्रांनो. असं व्हायला हवं होतं. प्रत्यक्षात मी टेबलावर पडलो, आणि सुरेख वाजलो. मुरलेलं लाकूड ना!

"वेळ संपली," अध्यक्ष म्हणाला. "बाईंनी प्रस्तावाची कारणं स्वतःच मांडली आहेत. इतिवृत्तात तसं घ्या. मंजूर."

चहाचे कप वाजले. कुणी वर पाहिलं नाही.

सर काठी टेकत त्याच्यापर्यंत गेले. "वाक्य पुरं झालं नव्हतं रे तिचं."

"सर, सभा रेशमासारखी चालवायची, हे तुम्हीच शिकवलंत ना?"

"शिकवलं," सर म्हणाले. "खाली तेवढं बसवलं नाही तुला." आणि ते नकारघंटेचा हात धरून बाहेर पडले.

ती लांबट खोली आता अध्यक्षांचं दालन आहे. पंखा नवा आहे, बिनआवाजी. भिंतीवर त्यांची भलीमोठी तसबीर आहे. तिचा खिळा शिपायाने माझ्याच डोक्याने ठोकला. माझ्या कपाळाला खोक पडली, ती तिथली. तेव्हापासून फाटकाला फळी लावायची असो की उंदराचं बीळ बुजवायचं असो, मलाच शोधतात.

मित्रांनो, कॉलेजात हा विषय घेतलात तर पोटापाण्याचं काय होईल, ते मला सांगता येणार नाही. मी लाकूड. पण सभा चालवायला शिकण्याआधी, जिथे कमी हात वर होतात त्या बाकावर एकदा तरी बसा. हरा. घरी जाऊन चरफडा. आणि पुन्हा या. मग माझ्यासारखा कुणी हातात आला, तर त्याला चार बोटं वर धरा. हात दुखेल. दुखू द्या.

त्या "पण"च्या पुढे नकारघंटा काय म्हणणार होती, ते मला अजून कळलेलं नाही. ते खाली दाबून धरलंय, ते मीच.